वस्तरा किती सुती घ्यावा?

वस्तऱ्याने आपली दाढी आपणच करायची ठरवली की पहिला प्रश्न पात्याच्या रुंदीचा येतो, आणि त्यावर एकमत सापडत नाही. सलूनमध्ये हयात घालवलेला कारागीर अरुंद पातं घ्यायला सांगतो, कारण ते नाकाखाली आणि कानामागे कुठेही वळतं. जुने वस्तरे जमवणारा इंचभर रुंदीचं शेफिल्डचं पातं पुढे करतो आणि त्याच्या वजनाचं कौतुक करतो. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारखाने पिढ्यान् पिढ्या मधल्या मापावर भर देत आले आहेत. तिघांकडेही अनुभव आहे, पण तिघांचे चेहरे, हात आणि कामं वेगळी आहेत. या सगळ्या मतांमागे पोलादाचे, भूमितीचे आणि कातडीचे जे नियम आहेत ते एकत्र मांडले, तर निवड बरीच सोपी होते.

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. आपल्याकडचे सुतार, फिटर, फॅब्रिकेशनवाले या आठव्या भागाला सूत म्हणतात, तेव्हा इथेही सुताचीच भाषा ठेवू. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर, पाच सूत १५.९, सहा सूत १९, सात सूत २२.२ आणि आठ सूत म्हणजे पूर्ण इंच, २५.४. बाजारात साधारणपणे चार सुतांपासून आठ सुतांपर्यंतची पाती मिळतात. त्याहून बारीक, दोन-तीन सुती वस्तरे पूर्वी पायाची कुरुपं कापण्यासाठी बनत, ते दाढीसाठी नाहीत. रुंदी पाठीच्या वरच्या कडेपासून धारेपर्यंत धरतात. धारेची लांबी मात्र रुंदीबरोबर फारशी बदलत नाही, ती तीन इंचांच्या आसपास राहते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रुंदीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो तिसरा विचारायचा. पहिला प्रश्न पाठीच्या जाडीचा, दुसरा पातं किती पोकळ घासलं आहे याचा. या दोन गोष्टी कळल्याशिवाय नुसता पाच किंवा सात हा आकडा फारसं काही सांगत नाही.

असं का, ते इतिहासाकडे पाहिलं की लवकर उमगतं. अठराव्या शतकात दाढीच्या वस्तऱ्याचं मोठं केंद्र इंग्लंडमधलं शेफिल्ड होतं. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने तिथे मुशीत वितळवून पोलाद करण्याची पद्धत बसवली आणि एकजिनसी, कडक धार घेणारं पोलाद हाती आलं. बारीक धारेच्या हत्यारांना याचा मोठा फायदा झाला. १७६९ मध्ये पॅरिसचा सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर झां-झाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर ‘ला पोगोनोतोमी’ हे पुस्तक काढलं. तोवर वस्तरा हे मुख्यतः दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतं. आरशासमोर उभं राहून उलट्या प्रतिमेकडे पाहत दाढी करणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि रुंदीची आजची बरीचशी चर्चा त्या माणसाच्या अडचणींची आहे.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे वूट्झ पोलादाचे नमुने पाठवले. दक्षिण भारतात मुशीत होणारं हे पोलाद. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. लंडनचे कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमातच पडले. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि बारीक पाती त्यापासून बनवू लागले. पुढे त्यांनी तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन पोलादात चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळण्याचे प्रयोग केले, त्यांचे निष्कर्ष १८२० आणि १८२२ मध्ये छापले. फॅरडे त्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. विजेच्या अभ्यासात अजरामर झालेला हा माणूस त्याआधी काही वर्षं चांगल्या धारेच्या मागे होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पोलाद सुधारलं तरी पात्याचा आकार बराच काळ पाचरीसारखा राहिला: पाठ जाड, तिथून धारेपर्यंत दोन्ही अंगं जवळजवळ सरळ उतरत आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेफिल्डची पाती रुंद होत गेली. वेड अँड बुचरसारख्या कारखान्यांचे सात-आठ सुती, त्याहूनही रुंद वस्तरे अमेरिकेत भरपूर गेले, आणि त्यांतल्या काहींवर ते सलूनवाल्यांसाठी असल्याचा शिक्काही असे. पाचरी पातं रुंद करण्याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण रुंदीबरोबर पाठही जाड करावी लागते. शिवाय धार लावताना पाचरी पात्याचं जवळजवळ पूर्ण अंग दगडावर टेकतं. रुंदी वाढली की तेवढंच जास्त पोलाद झिजवावं लागतं आणि हात भरून येतो.

यावरचा उपाय जर्मनांनी पक्का केला. पात्याची दोन्ही अंगं गोल चाकावर आतून पोखरून काढायची, म्हणजे दगडावर फक्त पाठ आणि धार टेकेल, मधलं काही टेकणार नाही. चाकाचा व्यास जितका लहान तितकी पोकळी खोल. हॅम्बुर्गच्या पाती घासणाऱ्या कारागिरांचा यात इतका लौकिक झाला की शेफिल्डच्या पात्यांवरही हॅम्बुर्ग पद्धतीने घासल्याचे शिक्के दिसतात. नंतर झोलिंगेनने हे काम मोठ्या प्रमाणावर उचललं. पातं पोकळ झालं, वजन उतरलं, आणि रुंदीही आपोआप खाली आली. विसावं शतक उजाडेपर्यंत पाच-सहा सूत हे दाढीच्या वस्तऱ्याचं सर्वमान्य माप होऊन बसलं. त्याच सुमारास जिलेटचा सुरक्षित रेझर आला. १९०३ मध्ये त्याचे अवघे ५१ नग खपले होते. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या पिशवीत गेला. घरोघरचा वस्तरा मागे पडला. म्हणजे पाच-सहा सूत हे माप ठरलं ते वस्तऱ्याच्या शेवटच्या आणि सर्वांत प्रगत टप्प्यावर, लाखो लोक रोज तो वापरत असताना. नवशिक्याला आजही पाच-सहा सूत सुचवतात, त्यामागे हा साठलेला अनुभव आहे.

आता पाठीकडे वळू. वस्तऱ्याला धार लावताना तो दगडावर आडवा, सपाट ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो पाठच देते. म्हणून धारेचा कोन दोनच गोष्टींवर ठरतो: पाठ किती जाड आणि पातं किती रुंद. दाढीसाठी हा कोन १६-१७ अंशांच्या आसपास असला की काम छान होतं. हिशेब अगदी सोपा आहे. रुंदीला पाठीच्या जाडीने भागा. उत्तर साडेतीनच्या जवळ आलं तर कोन साधारण साडेसोळा अंश. उत्तर चार आलं तर कोन साडेचौदाच्या खाली येतो, धार फार नाजूक होते आणि राठ दाढीत तिचे बारीक कपचे उडतात. उत्तर तीन आलं तर कोन एकोणीस अंशांपुढे जातो. धार टिकते खरी, पण केस कापण्याऐवजी ओढते.

याच हिशेबाने पाच सुती पात्याची पाठ सुमारे साडेचार मिलिमीटर हवी, सहा सुतीची साडेपाचच्या थोडी आत, सातची साडेसहाच्या आसपास आणि आठची सव्वासात. इथे रुंदीचा खरा अर्थ कळतो. रुंद पातं म्हणजे जाड पाठ, जाड पाठ म्हणजे वजन, आणि ते वजन हातात पुढच्या बाजूला येतं. नवा वस्तरा घेताना विकणारा रुंदी ठळकपणे सांगतो. पाठीची जाडी क्वचितच सांगतो. ती विचारावी. स्वस्तात मिळणाऱ्या काही रुंद पात्यांची पाठ त्यांच्या रुंदीला पुरेशी जाड नसते, आणि कितीही चांगल्या दगडावर घासलं तरी तो दोष निघत नाही.

पोकळीचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. सहा इंची पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढून टोक दाबलं तर ती ताठ राहते, दुप्पट बाहेर काढली तर तेवढ्याच दाबाने आठपट वाकते. पूर्ण पोकळ पात्याचं असंच होतं. पातळ भाग जितका लांब तितकं ते जास्त लवतं. म्हणून पूर्ण पोकळ आठ सुती पातं धारेजवळ चार सुती पात्यापेक्षा बरंच लवचीक असू शकतं. हे रोखायला चांगले कारागीर धारेपासून थोड्या अंतरावर पात्याच्या पोटात एक बारीक उंचवटा ठेवतात, मुठीकडच्या टाचेजवळही आधाराची उभी पट्टी सोडतात. अंगठ्याच्या नखावरून अशी धार अलगद फिरवली तर पातं किती लवतं ते दिसतं. पूर्ण पोकळ पातं दाढी करताना आवाजही करतं. कोरडा, बारीक, खुंट तुटल्याचा. त्या आवाजावरून कोन बरोबर आहे की नाही हे ओळखायला शिकता येतं, हा नवशिक्याला मोठा आधार आहे. जाड पाचरी पातं जवळजवळ मुकं असतं.

राठ, दाट दाढीला रुंद आणि जड पातं लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जड पाठीचा वस्तरा स्वतःच्या वजनाने पुढे जातो, हात दाबत नाही, आणि राठ खुंटांपुढे अडत नाही. पण हे काम वजनाचं आणि ताठपणाचं आहे, रुंदीचं नाही. पाच सुती अर्धपोकळ पातं हेच काम तितक्याच समाधानाने करतं. उलट आठ सुती अतिपोकळ पातं राठ दाढीत थरथरतं. याच कारणाने मी म्हणतो की रुंदीच्या आधी पोकळी विचारा.

मग रुंदी स्वतः काय करते? तीन गोष्टी करते, आणि तिन्ही चेहऱ्यावर जाणवतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोनाची आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. दाढी करताना धार कातडीला टेकते आणि पाठ किंचित वर असते. साधारण तीस अंशांचा कोन धरला तर चार सुती पात्याची पाठ कातडीपासून साडेसहा मिलिमीटर वर राहते, पाच सुतीची आठ, सात सुतीची अकरा. आता हात एक मिलिमीटर वरखाली झाला असं समजा. शिकाऊ हाताचं एवढं चालणारच. चार सुती पात्याचा कोन त्याने पाच अंशांनी बदलतो, सात सुतीचा तीनच अंशांनी. म्हणजे अरुंद पातं हाताची प्रत्येक हालचाल जास्त ऐकतं. सरावलेल्या बोटांना हा गुण वाटतो, नवशिक्याला तो महागात पडतो. अरुंद पातं सोपं असतं ही समजूत यामुळेच अर्धवट खरी आहे. ते वळवायला सोपं आहे, स्थिर धरायला नाही.

दुसरी गोष्ट जागेची. वरचा ओठ घ्या. नाकाच्या बुडापासून ओठाच्या कडेपर्यंत जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर जागा, तीही मधोमध खाचेची. चार सुती पातं नाकाखाली सहज बसतं. धारेचं टोक कुठे आहे ते आरशात स्पष्ट दिसतं, मिशीची रेघ नीट मारता येते. पाच सुतीने नाकाचा शेंडा बोटाने जरा वर उचलावा लागतो. सात सुती पात्याची पाठ नाकाला अडते. मग ओठ दातांवर ताणून, वस्तरा जवळजवळ सपाट धरून, कडेने सुरुवात करून मध्याकडे यावं लागतं. हे जमतं, पण शिकावं लागतं. हनुवटीखालच्या खळग्यात आणि घाटीच्या दोन्ही बाजूंना हेच. गालफडावर मात्र रुंद पातं राजासारखं चालतं. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत एकच लांब, शांत हात मारता येतो.

तिसरी गोष्ट फेसाची. प्रत्येक हातासरशी कापलेले खुंट आणि फेस पात्यावर गोळा होतो. रुंद, पोकळ पात्यात त्याला जागा असते. चार सुती पात्यावर तो पटकन पाठीवरून ओघळून बोटांवर येतो, आणि ओल्या बोटांत वस्तरा घसरू लागतो. घट्ट फेस करणाऱ्याने, दाट दाढी असणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. पण चार हातांऐवजी दोन हातांनी पातं पुसायचं एवढाच हा फरक आहे. निवड त्यावर अडू नये.

वेगवेगळ्या परंपरांनी या सगळ्याची उत्तरं आपापल्या परीने दिली आहेत. झोलिंगेनचा कल पाच-सहा सुती पूर्ण पोकळ पात्याकडे. १९०६ मध्ये सुरू झालेला डोव्हो आणि १८६९ पासूनचा ब्योकर हे तिथले ओळखीचे कारखाने. झोलिंगेन हे नाव कुठल्या मालावर लावायचं याला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्या शिक्क्याला आजही वजन आहे. फ्रान्समधल्या तिएर गावात १८८४ पासून चालत आलेला तिएर-इसार पाचपासून आठ सुतांपर्यंत पाती करतो आणि गाणाऱ्या पात्यांसाठी नावाजला जातो. स्पेनच्या फिलार्मोनिका वस्तऱ्यांची रुंद पाती संग्राहक आजही शोधत असतात. स्वीडनच्या एस्किलस्तुनाने सर्वांत वेगळी वाट काढली: पातळ पात्याला वरून स्वतंत्र पाठ बसवायची. वजन हलकं आणि धारेचा कोन मात्र पाठ देईल तसा. रुंदी आणि जाडी यांचा जो झगडा बाकीचे पोलाद पोखरून सोडवत होते तो स्विडिश कारागिरांनी दोन तुकडे जोडून सोडवला. मला ही सगळ्यांत हुशार रचना वाटते, आणि ती मागे पडली याचं वाईट वाटतं.

सलूनवाले अरुंद पातं का पसंत करतात, हेही यातून कळतं. कारागीर गिऱ्हाईकाच्या बाजूला उभा राहतो, त्याला पूर्ण चेहरा सुलटा दिसतो, दुसऱ्या हाताने तो कातडी ताणतो, आणि त्याचा हात हजारो चेहऱ्यांवरून फिरलेला असतो. कोन बदलण्याची भीती त्याला नाही, त्याला चपळाई हवी. कल्ल्यांची रेघ, मानेवरची कड, मिशीचं टोक ही त्याची रोजची कामं. चार-पाच सूत त्याला पुरतं. त्याचा सल्ला आरशासमोर उभ्या राहिलेल्या नवशिक्याने जसाच्या तसा घेऊ नये.

आपल्याकडच्या सलूनमध्ये आता पोलादी पात्याचा वस्तरा जवळजवळ उरलेला नाही. त्या जागी अर्धी ब्लेड बसवायचा वस्तरा आला. कारागीर कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो, अर्धी चिमट्यात सरकवतो, गिऱ्हाईक उठलं की फेकून देतो. एकाच पात्याने अनेकांची दाढी केली तर कावीळ ब आणि एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात, त्यामुळे हा बदल योग्यच झाला. घरचा पोलादी वस्तराही एकाच माणसाचा असावा, भावाभावांतही वाटून घेऊ नये. पण अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसला म्हणून रुंदीचा अनुभव आला असं समजू नये. दुधारी ब्लेडची पूर्ण रुंदी २२ मिलिमीटर, म्हणजे अर्धी अकरा, आणि त्यातलीही बहुतेक चिमट्यात जाते. बाहेर राहते ती धारेची जेमतेम कड. धारेची लांबीही पोलादी वस्तऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. ते हत्यार हलकं आणि चावरं असतं, चुकीला माफी देत नाही. त्याने रक्त काढलं म्हणून पोलादी वस्तऱ्याचा नाद सोडणाऱ्यांनी पाच-सहा सुती पोकळ पातं एकदा हातात घेऊन पाहावं. अनुभव पूर्ण निराळा असतो.

डोक्याचं मुंडण हा वेगळा विषय. जावळ असो, क्षौर असो वा टक्कल गुळगुळीत ठेवायची सवय, डोकं बाहेरच्या बाजूला गोल आहे, तिथे नाकासारखा अडसर नाही. रुंद पात्याला तिथे मोकळं रान मिळतं आणि जमलेले केस-फेस सामावून घेण्याची त्याची ताकद उपयोगी पडते. स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग मात्र दिसत नाही, सगळं बोटांच्या स्पर्शावर चालतं. पात्याचं टोक गोल असावं, एवढी एक अट तिथे मी पाळायला सांगेन. चौकोनी, अणकुचीदार टोक रुंद पात्यावर आणखी दूर जातं आणि कानाची पाळी हमखास गाठतं.

टोकाचा विषय निघालाच आहे तर एवढं बोलून पुढे जाऊ. गोल टोक शिकणाऱ्यासाठी. चौकोनी टोक मिशीची रेघ मारणाऱ्यासाठी. मधलं तिरकं, ज्याला फ्रेंच टोक म्हणतात, ते रुंद पात्यालाही नाकाखाली थोडी चपळाई देतं. सहा-सात सूत घ्यायचं मनात असेल आणि मिशीही राखायची असेल तर हा चांगला तोडगा आहे.

जुना वस्तरा घेताना रुंदी सर्वांत जास्त फसवते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पितळी भांडी, घड्याळं, चष्म्यांच्या फ्रेमा यांच्या ढिगात मधूनच शेफिल्ड किंवा झोलिंगेनचा शिक्का असलेला वस्तरा हाती लागतो. तो कधीकाळी सहा सुती असेल, आज पाचच उरला असेल. एका कारागिराच्या धोकटीतून आलेलं असंच एक झोलिंगेनचं पातं माझ्याकडे आहे. टाचेजवळ साडेचौदा मिलिमीटर, मध्यावर तेरा, टोकाकडे बारा. शिक्का अर्धा पुसलेला, मुठीचं शिंग एका बाजूला तडकलेलं. पाठीवर दोन्ही अंगांना दगडाने घासून झालेली चकचकीत सपाट पट्टी, टाचेकडे बारीक, टोकाकडे रुंद होत गेलेली. मध्यावर पाठीची जाडी ३.९ मिलिमीटर भरली. तेराला ३.९ ने भागलं तर उत्तर साडेतीनच्या किंचित खाली, कोन सव्वासतरा अंश. म्हणजे वर्षानुवर्षं धार लावताना पातं झिजलं तशी पाठही झिजली, आणि कोन जागचा हलला नाही. वस्तऱ्याच्या रचनेतलं हे शहाणपण पाहून मन भरून येतं. ज्याने तो वापरला त्याचा हात टोकाकडे थोडा जास्त पडत होता, एवढंही पातं सांगतं. आजही ते मिशीचं काम उत्तम करतं.

याच्या उलट उदाहरणंही भेटतात. चौदा मिलिमीटर रुंदी आणि पाठ पूर्ण पाच मिलिमीटर, तिच्यावर झिजेची खूणही नाही. असं पातं कुणीतरी पाठ उचलून घासलेलं असतं, किंवा पाठीवर दरवेळी चिकटपट्टी लावून तिला जपलेलं असतं. कोन वीस अंशांच्या वर गेला. दिसायला ते पहिल्यापेक्षा नीटस, पण दाढीला वाईट. खरेदीला जाताना खिशात साधा व्हर्निअर असावा. धार टाचेपासून टोकापर्यंत सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली हवी. मध्येच आत वाकलेली धार असेल तर ते पातं सोडून द्यावं, कारण ती सरळ करण्यात उरलीसुरली रुंदी जाते. गंजाचे ठिपके पाठीवर चालतात, धारेपाशी चालत नाहीत.

रोजच्या देखभालीतही रुंदीचा थोडा वाटा आहे. चामडी पट्ट्यावर फिरवताना पातं पाठीवरून उलटवावं लागतं, धार नेहमी मागे. रुंद पातं उलटवायला बोटांना जास्त वेळ लागतो, घाई केली की धार चामड्यात घुसते आणि पट्टाही कापला जातो, धारही जाते. शिकताना पट्टा तीन इंच रुंदीचा घेतला तर पूर्ण पातं एकदम बसतं. धार लावायचा दगड म्हणाल तर पोकळ पात्याला रुंदीने फारसा फरक पडत नाही. पाचरी पात्याला पडतो, आणि रुंद पाचरी पातं दुरुस्त करणं हे सवडीचं, जाणत्या हाताचं काम आहे. पहिला वस्तरा म्हणून ते घेऊ नये.

तर कुणी काय घ्यावं? पहिलाच वस्तरा असेल, चेहरा मध्यम आणि दाढी साधारण असेल, तर पाच किंवा सहा सुती, अर्धपोकळ ते पूर्ण पोकळ, गोल टोकाचा. दोन्हींत निवडायचंच तर मी सहाकडे झुकेन. कोनाची स्थिरता नवशिक्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि सहा सूत नाकाखालीही अजून आटोक्यात असतं. हात लहान असतील, चेहरा लहान असेल किंवा ओठ आणि नाक यांतली जागा अगदीच कमी असेल तर पाच. चार सूत दुसरा वस्तरा म्हणून उत्तम, मिशीदाराला तर फारच. सात-आठ सूत हौसेचं माप आहे आणि ती हौस मी मनापासून समजू शकतो. मोठा चेहरा, राठ दाढी, सरावलेला हात असेल तर त्यासारखी निवांत दाढी नाही. फक्त पाठ पुरेशी जाड आहे ना, ते आधी मोजावं.

पूर्वी चांगल्या घरांत सात वस्तऱ्यांची पेटी असे, आठवड्याच्या वाराला एक, पाठीवर वार कोरलेला. धारेला विश्रांती मिळावी म्हणून अशी पेटी ठेवत. त्या पेट्यांतले सातही वस्तरे एकाच मापाचे असत. आज कुणी दोन वस्तरे ठेवणार असेल तर मी दोन मापांचे ठेवायला सांगेन: गालांसाठी सहा सुती आणि ओठ-हनुवटीसाठी चार सुती. एकाच दाढीत दोन्ही वापरायला काहीच हरकत नाही.